आधी दुसरी प्रत, मग सर्व्हर

ताई, नमस्कार.

आमचा कराडच्या बाजारात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. मुख्य धंदा लग्नांचा, वर्षाला वीस-बावीस. एडिटिंग घरी, मलकापूरला. चौदा वर्षांचा डेटा तेवीस एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आहे, बेरीज ३४ टीबी. त्यातल्या जवळजवळ अर्ध्या शेवटच्या दोन सीझनमध्येच भरल्या, कारण आता सगळं फोर-केमध्ये शूट होतं. गेल्या महिन्यात एक डिस्क टेबलावरून पडली. आता लावली की नुसती टकटक करते. त्यात २०१९ मधलं एक लग्न होतं. त्या मुलीचे वडील नंतर वारले आणि ती आता कन्यादानाचा व्हिडिओ मागते आहे. पुण्यातल्या रिकव्हरीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला.

भाऊ म्हणतो, घरीच सर्व्हर बांधू. त्याची यादी तयार आहे: आय७ प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ७५० वॉटचा पॉवर सप्लाय, काचेचं कॅबिनेट, ४ टीबीच्या आठ डिस्क, त्या एकत्र जोडायला रेड ५ (RAID 5) पद्धत. एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही, म्हणजे बॅकअपची कटकटच संपली, असं त्याचं म्हणणं. शिवाय जुन्या एक्स्टर्नल फोडून त्यातल्या डिस्कही आत लावायच्या आणि कस्टमरला घरबसल्या डाउनलोड द्यायचं. बायको म्हणते, पैसे देऊन मोकळ्या झालेल्या लोकांचा डेटा आपण जन्मभर का सांभाळायचा? बजेट दीड लाख. मी मध्ये बोललो की दोघंही फुगून बसतात. काय करू?

एक वाचक, कराड

नमस्कार.

सर्व्हरचं मागाहून बघू. आधी ती पडलेली डिस्क. ती पुन्हा लावून बघू नका. ‘एकदा शेवटचं’ म्हणूनही नको. आतल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. टकटक येते ती हेडला आपली जागा सापडत नाही म्हणून. ते जातं, चाचपतं आणि परत येतं. हेड वाकलं असेल तर प्रत्येक खेपेला तबकडीवरचा थर खरवडला जातो, आणि जो खरवडला तो जगातला कोणीही परत आणू शकत नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर इथे उपयोगाचं नाही, डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा तोडगा तर मुळीच नको. ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवा.

आणि रिकव्हरीवाल्याला पुन्हा फोन करण्याआधी वरपक्षाला फोन करा. पेनड्राइव्ह दोन्हीकडे दिला असणार. मुलीकडच्यांचा हरवला असेल, पण नवरदेवाच्या एखाद्या काकांच्या टीव्हीच्या मागे अजून तो लटकत असेल. तिथे नसेल तर त्या वर्षी मिक्सिंग कोणाकडून करून घेतलंत ते आठवा. बाहेरून करून घेतलं असेल तर त्याच्या मशिनवर प्रोजेक्ट पडून असायची बरीच शक्यता आहे. अल्बम डिझाइन करणाऱ्याकडे निवडलेले फोटो तरी असतील. ही तिन्ही दारं बंद निघाली तर मग पुणे. तिथे तीन गोष्टी आधी विचारा: तपासणीचे वेगळे पैसे किती, डेटा निघाला नाही तर काही द्यावं लागतं का, आणि पैसे भरण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का. नीट उत्तरं देणाऱ्याकडेच डिस्क सोडा.

आता तुमच्या घरातला वाद. माझ्या मते वहिनींचा प्रश्न भावाच्या यादीपेक्षा मोलाचा आहे, कारण तो आधी सोडवला तर यादी आपोआप निम्मी होते. किती साठवायचं हे ठरल्याशिवाय कशात साठवायचं हे ठरत नाही.

हिशेब करू. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने शूट केला की तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे मिळून सात तासांचं रेकॉर्डिंग धरलं तर ३१५ जीबी. त्यावर अडीच हजार रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे, फोटो, प्रत्येकी २८ एमबीच्या आसपास, म्हणजे आणखी ७० जीबी. एका लग्नाचे पावणेचारशे-चारशे जीबी झाले आणि वर्षाचे साडेआठ टीबी. याउलट तयार फिल्म, हायलाइट, अल्बमचं डिझाइन, सगळे जेपीईजी आणि निवडलेले रॉ असं सगळं धरूनही एका लग्नाचं पन्नास जीबीत भागतं. वर्षाचा सव्वा टीबीसुद्धा होत नाही. म्हणजे तुम्ही चौदा वर्षं जे जिवापाड जपलंत, त्यातला मोठा भाग मंडपातल्या खुर्च्या, हलणारा कॅमेरा आणि भटजींच्या मागे उभे असलेले पाहुणे हा आहे.

म्हणून नियम करा आणि तो बिलावर छापा. तयार काम आम्ही सांभाळू. रॉ फुटेज अल्बम हातात दिल्यापासून सहा महिने ठेवू. ज्यांना कायमचं हवं आहे त्यांनी स्वतःची हार्डडिस्क आणावी आणि कॉपी करून घेऊन जावी. बरेच स्टुडिओवाले हे तोंडी सांगतात, पण तोंडी सांगितलेलं पाच वर्षांनी कोणालाच आठवत नाही. छापल्यावर वहिनींचं समाधान होईल आणि तुमची मान सुटेल.

एक अपवाद मात्र करा. रॉ पुसण्याआधी अर्धा तास बसून एक छोटा ‘निवडक’ फोल्डर बाजूला काढा. कन्यादान आणि पाठवणी, न कापता. आणि म्हातारी माणसं जिथे जिथे दोन शब्द बोलली आहेत ते सगळे तुकडे. तुमच्या पत्रातली मुलगी नेमकं काय मागते आहे ते बघा. ड्रोनचा शॉट मागायला सहा वर्षांनी कोणी येत नाही.

या हिशेबाने तुमचं जुनं-नवं तयार काम सात टीबीच्या आसपास बसावं, त्यावर चालू सीझनचं सहा महिन्यांचं रॉ चार-पाच टीबी. झाले बारा. हा माझा अंदाज आहे. खरा आकडा तेवीस डिस्क एकेक करून उघडल्यावरच कळेल. त्यात काही लग्नं दोनदा, काही तीनदा सापडतील, हे मात्र आत्ताच सांगते.

आता बंधूंची यादी. त्यांना एक प्रश्न विचारा: आठ डिस्क, प्रत्येक ४ टीबीची, रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा राखीव जाते, उरले किती? अठ्ठावीस. तुमचा माल चौतीसचा. म्हणजे काहीही न गाळता सगळं भरायचं ठरवलं असतं तर पहिल्याच दिवशी जागा अपुरी पडली असती. त्यातही कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून २८ च्या जागी स्क्रीनवर साडेपंचवीसच दिसतात. दुकानदाराने फसवलं असं वाटून भांडायला जाऊ नका.

४ टीबीच्या डिस्कमध्ये आणखी एक गोम आहे. हार्डडिस्क दोन पद्धतींनी लिहितात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं काही बदलायचं म्हटलं की शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. कपाटात ठेवायच्या डिस्कला ते चालतं. रेडमध्ये डिस्क बदलून सगळं पुन्हा भरायची वेळ आली की ती रडकुंडीला येते, कधी कधी कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, वरच्या रेड ५ शी संबंध नाही) मालिकेतल्या, म्हणजे खास नॅससाठी (नेटवर्कवरून फायली देणाऱ्या डिस्कच्या पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या, २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ उडाला. त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. सीगेटची ४ टीबीची बाराकुडाही एसएमआरच आहे. त्यांची आयर्नवुल्फ सीएमआर. नेमक्या याच आकारात स्वस्त म्हणून भलती डिस्क गळ्यात पडते. मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझा सल्ला असा: १६ टीबीच्या चार डिस्क घ्या, नॅस किंवा एंटरप्राइझ दर्जाच्या. दोन सर्व्हरमध्ये लावा. दोन सर्व्हरच्या बाहेर ठेवा.

बंधू इथे नक्की अडतील. अर्धे पैसे बाहेर ठेवायच्या डिस्कवर? हो. रेड हा बॅकअप नव्हे. रेड ५ असो की मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा), ते एकाच गोष्टीपासून वाचवतं: डिस्क बिघडली तर काम थांबत नाही. चुकून फोल्डर डिलीट केला तर तो सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी डिलीट होतो. चोर आला तर पेटी उचलून नेतो, तो डिस्क मोजत बसत नाही. पॉवर सप्लाय बिघडून जादा व्होल्टेज सोडायला लागला तर एकाच वायरवरच्या आठही डिस्क जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात दुकानांत शिरलं तेव्हा आत किती डिस्क आहेत ते त्याने विचारलं नव्हतं.

आणि तुमच्या धंद्यातला सर्वांत मोठा धोका मी अजून घेतलेलाच नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर किती सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे? स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, वर्षानुवर्षं मुख्यतः क्रॅक आणि कीजेनच्या (खोटी लायसन्स-की बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटातून पसरत आलं. ते विंडोजवर बसलं की जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही लॉक करतं. सर्व्हर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडलेला असेल तर चौदा वर्षं एका दुपारी गेली. कपाटात वायर काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र कुठलाही व्हायरस पोचत नाही.

तर बाहेरच्या दोन डिस्क अशा फिरवा: एक दुकानात, एक घरी. रविवारी घरची डॉकमध्ये (सुटी डिस्क जोडायच्या स्टँडमध्ये) लावायची, नवं-जुनं कॉपी होऊ द्यायचं, मग ती दुकानात न्यायची आणि तिथली घरी आणायची. एक प्रत कायम दुसऱ्या इमारतीत राहिली पाहिजे. दुकानात ती तळमजल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. नेताना फोमच्या डब्यातून न्या, गाडीच्या डिकीत मोकळी टाकून नाही. पडलेली डिस्क काय करते ते आता तुम्हाला सांगायला नको. फोटोग्राफर मंडळींमध्येच रुळलेला ३-२-१ चा नियम हाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यावर, एक दुसऱ्या ठिकाणी.

क्लाउड का नाही? बारा टीबी १०० मेगाबिटच्या अपलोडने चढवायला रात्रंदिवस अकरा दिवस लागतात, आणि घरगुती फायबरच्या बहुतेक प्लॅनना महिन्याची मर्यादा असते, ती त्याआधीच संपते. महिन्याचं भाडं वेगळं. चालू सीझनच्या तयार फिल्म तेवढ्या क्लाउडवर ठेवल्यात तर पुरे.

पेटीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे चुकायला फारसं काही नाही. दोन डिस्कना आय७ लागत नाही. फायली द्यायच्या-घ्यायच्या एवढंच काम असेल तर इंटेलचा एन१०० सुद्धा आरामात करतो. तो सहा वॉटचा प्रोसेसर आहे. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे कंपन्यांतून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय३-आय५ डेस्कटॉप, पण मोठ्या टॉवरचा, ज्यात साडेतीन इंची दोन डिस्क, जमल्यास चार, बसतील. रॅम १६ जीबी भरपूर झाली. टीबीमागे एक जीबी हवीच हा समज घरच्या कामाला लागू नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी वेगळी लावा. एडिटिंग कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यामध्ये वायफाय नको, केबल टाका. साध्या गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे ३०० जीबीचं लग्न पाऊण तासात चढतं. चालू प्रोजेक्ट एडिटिंगच्या एसएसडीवरच राहू द्या. काम संपलं की सर्व्हरवर.

विजेचा फरक बघा. आठ डिस्क आणि आय७ मिळून ८५ वॉटच्या आसपास सतत खाणार, म्हणजे महिन्याला साठेक युनिट. माझी पेटी ३० वॉटची, महिन्याला एकवीस-बावीस. घरच्या मीटरवर तुमचा स्लॅब कुठे मोडतो ते बिल काढून बघा.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर म्हणून ट्रूनॅस घ्या आणि त्यातल्या झेडएफएस या साठवण पद्धतीने दोन डिस्कचा मिरर करा. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज जपून ठेवतं आणि वाचताना ती जुळते का ते बघतं. एका डिस्कवरचा तुकडा सडला असेल तर दुसरीवरून दुरुस्त करतं. जेपीईजी उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा दिसतो, तो प्रकार यात मुकाट्याने घडत नाही. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ लावून ठेवा, म्हणजे सगळा साठा वाचून तपासला जाईल. रोज रात्रीचा ‘स्नॅपशॉट’ही लावा. विंडोजवरून कोणी काही पुसलं किंवा लॉक केलं तरी कालची स्थिती परत आणता येते. जागा संपत आली की आणखी दोन डिस्कची जोडी लावायची, बस्स. मिररमध्ये अर्धी जागा जाते ही तक्रार खरी आहे. पण डिस्क मेली की काय करायचं, हे रात्री अकरा वाजता, उद्या हळद आणि परवा लग्न असताना, तुम्हाला समजलं पाहिजे. मिररचं ते काम एका वाक्यात सांगता येतं. रेड ५ मध्ये मात्र उरलेल्या सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक वाचाव्या लागतात, आणि तोपर्यंत आणखी एक गेली तर सगळंच गेलं.

हे सगळं दोघांपैकी कोणालाच झेपणार नसेल तर तयार दोन-डिस्कचा नॅस घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण बंधूंना हौस आहे, तर बांधू द्या. घरातल्या सर्व्हरची देखभाल शेवटी ज्याला हौस असते तोच करतो.

खरेदीला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन घ्या, पण चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या घेऊ नका. एकाच दिवशी जन्मलेल्या डिस्क एकाच सुमाराला जाण्याचा संभव जास्त. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. भाव फारच कमी असेल तर सावध. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघड झालं की हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क, आतला तासांचा आकडा शून्य करून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. ‘स्मार्ट’मधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातला, आकडा पुसला होता, पण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, ती तशीच राहिली होती. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीने ती वाचता येते. डिस्क हातात आल्या की पहिलं काम हे. दुसरं काम, डेटा न टाकता प्रत्येक डिस्क एकदा पूर्ण लिहून पूर्ण वाचणे. १६ टीबीला दोन दिवस लागतात. बिघडायची असेल तर तेव्हा बिघडू द्या, परत करण्याची मुदत असताना.

पॉवर सप्लाय ७५० वॉटचा कशाला? डिस्क फिरायला लागताना क्षणभर पंचवीसेक वॉट ओढते, नंतर पाच-सात. चांगल्या कंपनीचा ४०० वॉटचा सप्लाय निवांत पुरतो. वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या, यूएसबी पोर्टवाला, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतःहून बंद होईल. घरचा पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर यासाठी धरू नका; बदलताना तो घेतो तेवढ्या क्षणात कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. मोलेक्स या जुन्या वीजजोडणीवरून साटा (आताच्या डिस्कची जोडणी) करणारे, टोकाला ओतीव प्लॅस्टिक असलेले स्वस्त कनेक्टर वापरू नका, ते आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. एप्रिल-मेमध्ये डिस्क ४५ अंशांच्या वर जाऊ नये एवढी हवा तिला मिळू द्या. बंद कपाटात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी नको.

जुन्या एक्स्टर्नल फोडायचा बेत रद्द करा. छोट्या, अडीच इंची डिस्कपैकी अनेकांत यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डावरच डकवलेलं असतं, साटाची जोडणीच नसते. फोडल्यावर हातात काहीच येत नाही. मोठ्या डेस्कटॉप डिस्कपैकी काहींत डेटा त्या बाहेरच्या बोर्डाकडून एन्क्रिप्ट होऊन जातो, म्हणजे डबा काढला की आतलं वाचता येत नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच एसएमआर निघतील. त्यांच्याकडून एवढंच काम घ्या: एकेक लावा, तपासणीसह कॉपी करा (टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्याय आहे), मग तशीच कपाटात परत ठेवा. सर्वांत जुनीपासून सुरुवात करा. २ टीबीच्या भरलेल्या डिस्कला पाच-सहा तास धरा, रात्री लावून झोपा. एखादी मध्येच अडखळायला लागली तर तिच्यावर जोर काढू नका. ती बाजूला ठेवून पुढची घ्या. कॉपी झालेल्या डिस्क पुसायची घाई नको. नवी व्यवस्था एक सीझन चालू द्या.

कस्टमरला घरच्या सर्व्हरवरून डाउनलोड? नाही. बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे ते सरळ चालणारही नाही. राउटरवर पोर्ट उघडून चालवलंत तर जगातले सगळे उपद्व्यापी दार वाजवायला येतील. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या हल्ल्यांत इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस लॉक झाले, त्यात घरगुती फोटोंचेही होते. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलची मायबुक लाइव्ह ही नेटवर्क डिस्क वापरणारे सकाळी उठले तर डिस्क रिकामी. कस्टमरला पेनड्राइव्ह द्या, नाहीतर पंधरा दिवस चालणारी क्लाउडची लिंक. दुकानातून तुम्हा दोघांना घरचा सर्व्हर बघायचा असेल तर टेलस्केल हे खासगी नेटवर्क जोडणारं सॉफ्टवेअर लावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पोर्ट उघडावा लागत नाही.

ट्रूनॅसला तुमचा ईमेल पत्ता द्यायला विसरू नका. मिररमधली एक डिस्क गेली तरी सगळं नेहमीसारखंच चालतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग दुसरी जाते. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब वा संशयित जागांचा, आकडा शून्यावरून वर सरकायला लागला की नवी डिस्क मागवा. ‘सीआरसी एरर’ (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर डिस्क नव्हे, केबल बदला. तीनेक महिन्यांतून एकदा दुकानातली डिस्क लावून त्यातलं कुठलंही एक लग्न उघडून पाच मिनिटं चालवून बघा. हे काम वहिनींकडे द्या, त्यांना हवं ते लग्न निवडू देत. पासवर्ड आणि कुठे काय आहे याचा कागदही त्यांच्याकडेच.

शेवटचं, बंधूंसाठी. डिस्क लावण्याआधी प्रत्येकीच्या पुढच्या कडेला पांढरी टेप लावून त्यावर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि खरेदीची तारीख लिहा. ट्रूनॅस बिघडलेली डिस्क सिरियल नंबरने सांगतं, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्कमधून माणूस घाईत नेमकी चांगली उपसून काढतो.